मानाची जागा

दोष थोरल्यांचा. मी लसूणघासेचा, गुरांच्या हिरव्या चाऱ्याचा, ठोंब बोलतोय आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या घरात हे बोलायची कुणाची टाप नाही.

थोरले म्हणजे या गोठ्याचे मालक. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी चिमी. शिक्षण अर्ध्यावर सोडून गायींमागे लागलेली. भुरी नावाची गाय तर तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. विकतचा चारा झेपेना, तेव्हा थोरल्यांनी फर्मान काढलं, "यंदा आपलंच गवत. नाही उगवलं तर गोठा रिकामा."

एका पोत्यात मी आणि माझी भावंडं आलो. दुसऱ्यात अंजन गवताचं बी. ओल्या गोणपाटात पॅरा गवताच्या कांड्या.

चिमीचा हिशेब सोपा होता. "काका, अंजन वरच्या मुरमाड माळावर, त्याला पाणी कमी लागतं. लसूणघास मधल्या निचऱ्याच्या पट्ट्यात. पॅरा खाली ओढ्याकाठी, ते पाण्यात पाय सोडून बसलं तरी मजेत वाढतं."

थोरल्यांनी माती बघितलीच नाही. किंमत बघितली. "सगळ्यांत महाग बी लसूणघासेचं. सगळ्यांत देखणी जमीन ओढ्याकाठची, काळीभोर. मानाच्या पाहुण्याला काय दारात बसवायचं? पॅरा लावा माळावर, अंजन मधल्या पट्ट्यात."

चिमीने कुदळ उचलली. त्या काळ्याभोर तुकड्यात खड्डा खणून तळातला निळसर, चिकट गोळा त्यांच्यासमोर धरला. "पाण्याला खाली जायला वाटच नाही. लसूणघासेची मुळं कुजतील इथे."

"पाणी धरते म्हणजे जमीन गुणाची! शाळा पुरी करता आली नाही, आणि मला माती शिकवतेय."

"शिकवत नाही काका. दाखवतेय."

"खड्डा बुजव आधी."

तिने बुजवला नाही. उपसलेल्या मातीचा ढीग तसाच राहिला. पेरताना माझं बी त्या ढिगावर पडलं, म्हणून मी जगलो. यात माझं कर्तृत्व शून्य.

पुढे पाऊस लागला तो थांबेना. खाली पाणी तुंबलं. भावंडं आधी पिवळी पडली, मग बुडातून सडून एकेक आडवी झाली. मी वरून बघत होतो. मानाची जागा दिली आणि मानेपर्यंत बुडवलं. पाऊस सरल्यावर पॅराच्या कांड्या माळावर वाळून काटक्या झाल्या. मधल्या पट्ट्यात अंजन तेवढं तगलं, पण त्यात गोठा कसा भागणार?

एके सकाळी विकलेल्या गायी न्यायला ट्रक आला. भुरी फळीवर पाय टाकेना. थोरले ओरडले, तशी ती आणखीच अडली. मग चिमीने तिच्या मानेखाली खाजवत, "चल गं बाई, चल," म्हणत तिला वर चढवलं. ट्रक गेला. दोन दिवसांनी चिमीही गेली, कुठल्याशा कारखान्यात कामाला.

आता या अख्ख्या तुकड्यात मी एकटा. जांभळी फुलं आली आहेत. मधमाशी येते, एक घिरटी घालते आणि निघून जाते. एकट्या ठोंबापाशी तिचं तरी काय काम?

थोरले मात्र नेमाने येतात, सोबत कुणी ना कुणी पाहुणा. माझ्यावर काठी रोखतात. "हे बघा! उगवतं की नाही इथे? जमीन खोटी नाही हो, पोरीनेच पेरणीत घोळ घातला." पाहुणा मान हलवतो. मी कशावर उभा आहे, ते बघायला कुणी वाकत नाही. थोरल्यांनी परवा पुन्हा लसूणघासेचं बी मागवलंय. याच तुकड्यासाठी.

म्हणून तुम्हाला विनवतो, कधी या वाटेने गेलात तर मला उपटा. मूळ खोल गेलंय, जोर लावा. मी नसलो म्हणजे त्यांना काठी रोखायला काही उरणार नाही.

मानाच्या जागेपायी माझं सगळं कूळ गेलं. हाक मारावी असं कुणी उरलं नाही.