तुराट्यांवरची भज्जी

बेंगळुरूची निवड समिती काशाप्पाच्या रानात आली, फोटो निघाले, की गुलबर्ग्याच्या कॉलेजातल्या वीरण्णा सरांची विभागप्रमुखाची खुर्ची पक्की होती. पोरीची निवड झाली काय, न झाली काय, खुर्चीचे पाय चारच राहणार होते. प्रतीक्षाचा हिशेब वेगळा. काशाप्पाची ही लेक, धनगरवाड्यातली पहिली बी.एस्सी. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत खेड्यातल्या मुलांसाठी राखलेली जागा मिळाली, तर मामाच्या पोराशी ठरलेलं लग्न लांबवायचं बापानं कबूल केलं होतं.

आळंदजवळ, ओढ्यापलीकडच्या त्यांच्या तुरीवर मर रोग पडला होता. उभ्या वाळलेल्या ओळींत काही झाडं मात्र हिरवीगार. ती कशी जगली, हाच तिचा अभ्यास. सर पाहणीला यायचे, ओढ्याअलीकडंच हुरडा खाऊन परतायचे.

समितीला त्यांनी येळवशीलाच बोलावलं. त्या अमावस्येला अख्खा मुलूख रानात जेवतो; आंबील, डाळी-पाल्याची भज्जी, वर आग्रह. काशाप्पाला फोन केला, "अण्णा, मोठे लोक यायलेत. रान चकाचक ठेवा."

काशाप्पानं ठेवलं.

प्रतीक्षा पाहुण्यांना घेऊन जीपमधून आली आणि वाढायला लागली. बेंगळुरूच्या बाई आंबील संपवून उठल्या. "मेलेली झाडं कुठायत? मर होती का, मुळं चिरून बघायचंय."

"पाहुण्याला मेलेलं कामून दाखवावं, अक्का?" काशाप्पा खुशीत म्हणाला. "पार उपटून काढलो. तुमची भज्जी त्याच तुराट्यावर शिजली की!"

प्रतीक्षाच्या हातातली पळी थांबली. "सर, तुम्ही पाहणीला येत होता ना? सांगा ना. माझ्या वहीत सगळं लिहिलंय."

"वहीत कुणीही काही लिहील," सर हात पुसत म्हणाले. "मॅडम, या मुलांना अजून शिस्त नाही."

"सरच म्हणले, रान चकाचक..." काशाप्पा सांगू लागला.

"अहो, बांध झाडा म्हटलं! पीक जाळा म्हटलं का?"

सगळे हसले. काशाप्पाही हसला, पाहुणे हसले की हसायचं असतं.

योग्य उमेदवार नाही म्हणून जागा रिकामी राहिली. सरांना खुर्ची मिळाली, बाईंना भज्जीची कृती, काशाप्पाला समितीची शाल. चैत्रात लग्न लागलं. सर पहिल्याच पंगतीला. "आम्ही संधी दिली होती हो," जिलबी वाढून घेत ते म्हणाले. काशाप्पानं तीच शाल त्यांच्या अंगावर घातली.

म्हणजे खुर्चीही सरांची, शालही सरांची. सगळ्यांचं बिल प्रतीक्षानं भागवलं, मामाच्या घरी जाऊन.