बुडाल्यानंतरचं रीळ

“वहिनी, ती आजही बाहेर आली नाही.”

तिकीटखिडकीच्या जाळीला तोंड लावून एवढंच सांगून तो बाजूला झाला आणि काही घडलंच नाही अशा थाटात भिंतीवरचं पोस्टर बघत बसला. थिएटरात उशिरा येणाऱ्यांना अंधारात खुर्ची दाखवायचं त्याचं काम, म्हणून सगळे त्याला बॅटरीच म्हणत. दुसऱ्याच्या भानगडींवर उजेड पाडायचीही त्याला भारी हौस.

खिडकीतल्या बाईंनी तिकिटांचा गठ्ठा उगाचच सारखा केला. दुपारचा खेळ सुटला होता. माणसं डोळे चोळत उन्हात आली आणि पांगली. निळी छत्री घेऊन आत गेलेली बाई मात्र त्यांत नव्हती. दारं लोटलेली, आणि आत दोनच जीव. ती छत्रीवाली, आणि वर मशीनच्या खोलीत बाईंचा नवरा.

“मागच्या दाराने गेली असेल,” बाई म्हणाल्या.

“मागच्या दाराला कुलूप असतं वहिनी. किल्ली माझ्याकडे असते.”

बाईंचा अर्धा जन्म त्या खिडकीत गेला होता आणि नवऱ्याचा वरच्या खोलीत. एकाच छपराखाली दोघं, पण दिवसाउजेडी तोंड दिसायचं ते दुपारचा खेळ सुटल्यावर, चहाला. आता तोही चहा निवून जायला लागला होता. “मशीन तापलं होतं, जरा थांबलो,” नवरा म्हणायचा. तापलंय ते मशीनच का, हे बाईंना बघायचं होतं. हल्ली तो मिशी कातरत होता. दाढी करताना कसलीशी परदेशी धून शिट्टीवर वाजवायचा. ज्या माणसाने लग्नातसुद्धा कधी गाणं गुणगुणलं नव्हतं, त्याला उतारवयात कंठ फुटला म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतंच.

सिनेमा तसा जुनाच होता. एक भलंमोठं जहाज, त्यात श्रीमंत माणसं, मग वादळ, मग सगळा हलकल्लोळ. जुना असला तरी दर थोड्या वर्षांनी तो परत यायचा आणि थिएटर भरायचं.

“शेवटी बुडणार हे पोस्टरवरच काढलंय,” बाई एकदा बॅटरीला म्हणाल्या होत्या, “मग लोक काय बघायला येतात रे?”

“आपण कोरडे आहोत, हे बघायला!” बॅटरी म्हणाला होता.

या खेपेला सिनेमा लागला त्याच दिवशी मोठी गंमत झाली होती. बाईंच्या नवऱ्याने गुंडाळलेली रिळं चुकीच्या डब्यांत घातली. जहाज बुडालं, माणसं गेली, ‘समाप्त’ अशी पाटीसुद्धा आली, आणि लगेच पुढच्या रिळात तीच बुडालेली माणसं चकचकीत कपडे घालून नाचायला लागली. थिएटर हसून हसून लोळलं. मालकाला मात्र हसू आलं नाही. “पुन्हा रिळांशी खेळलास, तर घरी बस,” असं त्याने बाईंच्या देखत नवऱ्याला सुनावलं होतं. छत्रीवाली यायला लागली ती त्या दिवसापासून. हेही बॅटरीनेच हेरलं होतं.

बाईंनी खिडकीची फळी खाली ओढली.

“मी पुढे होतो,” बॅटरी उत्साहाने म्हणाला.

“तू इथेच थांब. कुणी विचारलं तर मला चक्कर आली म्हणून सांग.”

बाई दारापाशी गेल्या. काय दिसेल, दिसल्यावर काय बोलायचं, हे त्यांनी रात्ररात्र घोळवलं होतं. दार ढकललं, तर आत पुन्हा अंधार. आणि तीच धून, दाढीच्या वेळची.

पडद्यावर जहाजाचा दिवाणखाना उजळला होता आणि जोडपी गिरक्या घेत होती. वरच्या झरोक्यातून उजेडाचा पट्टा निघून साऱ्या रिकाम्या खुर्च्यांवरून जात होता. त्याच्या एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला, पार पुढच्या रांगेत, छत्रीवाली. मध्ये दोनशे माणसं बसतील एवढी जागा.

बाई जाऊन तिच्या मागच्या खुर्चीत बसल्या. छत्रीवालीने वळून पाहिलं आणि ओळखलं. घाबरली नाही.

“खिडकीतल्या ना तुम्ही? बसा. आता येईल बघा.”

“कोण येईल?”

“तो. खांबामागून. तबक घेतलेला.”

नाचणाऱ्यांच्या मागून एक वाढपी हातावर तबक तोलत निघाला. कॅमेऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. एक खांदा किंचित पाडून तो गर्दीतून वाट काढत पडद्याच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला.

“आमचे हेही जहाजावर वाढपी होते,” छत्रीवाली म्हणाली. “चालायचे अगदी असे, खांदा पाडून. जहाजाबरोबर गेले. हे ते नव्हेत, कळतं मला, वेड नाही लागलेलं. पण फोटोत माणूस नुसता उभा असतो हो. चालताना कुठे बघायचं?”

तरी संशय एकदा अंगी लागला की असा झटकला जात नाही. त्यांनी विचारलंच, “आणि ही युक्ती कुणाची?”

“मीच जिना चढून गेले होते, ती चूक पुन्हा कराल का विचारायला. बुडाल्यावर ते परत आले होते ना त्या दिवशी! मशीनवाले म्हणाले, चूक काही मुद्दाम करता येत नाही, पण लोक गेल्यावर एवढं एक रीळ लावीन.”

चहा त्या दिवशीही निवलेलाच होता. मशीनच्या खोलीबाहेर जिन्यात बसून दोघं तो प्यायली.

“मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?”

“सांगितलं असतं,” नवरा म्हणाला, “तर खरं मानलं असतंस?”

बाईंनी कपावरची साय बोटाने बाजूला केली.

“आणि मिशी?” त्या म्हणाल्या.

“मिशी चहात बुडते म्हणून तूच ओरडायचीस!”

ते खरं होतं. ओरडल्याला पुष्कळ वर्षं झाली होती, इतकंच.

सिनेमाच्या शेवटच्या दिवशी गर्दी लोटली. दुपारचा खेळ सुटला, पुढच्या खेळाची माणसं दारापाशी येऊन थडकली आणि नेमका मालकही आला.

“खेळ सुटला ना? मग दारं का बंद? आत कोण आहे?”

बॅटरीचे डोळे लकाकले. त्याने तोंड उघडलं, तोच बाई खिडकी सोडून आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“खेळ अजून संपला नाही,” त्या मालकाला म्हणाल्या.

“जहाज तर बुडालं! हे लोक गेले ना आत्ता घरी!”

“त्यांना घाई असेल. एक रीळ राहिलंय.”

इतक्या वर्षांत खिडकीतून कधी चकार शब्द न काढलेल्या बाईंकडे मालक बघत राहिला. मागून धून ऐकू येत होती. “नवराबायको दोघांचीही डोकी फिरलीत. उद्या बघतो तुम्हाला,” असं पुटपुटत तो ऑफिसकडे गेला.

बॅटरीला राहवेना. जवळ येऊन तो हळूच म्हणाला, “वहिनी, आत दोघंच आहेत हं.”

“दोघं कुठली? तिघं आहेत.”

असं म्हणाल्या खऱ्या, पण तो वळताच बाईंनी दाराच्या फटीला एकदा डोळा लावलाच. नवरा वरच होता, झरोक्यात त्याचं डोकं दिसत होतं. पडद्यावर तबकवाला खांबामागून निघाला आणि कडेकडे चालू लागला. तो कडेला पोचला, तशी छत्रीवाली खुर्चीतून उठली आणि घरातलं माणूस कामाला निघालं की दारात उभं राहतात, तशी उभी राहिली.