पुसलेला निबंध

२००८ सालच्या नोव्हेंबरातला शनिवार. सकाळची शाळा होती. पहिल्या तासाआधीच दहावीतली लायबा संगणकाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाई, माझा निबंध टाकलात ना तुम्ही?”

“टाकला की गो. बुधवारीच.”

“अब्बांना नाय दिसला. काल दोनदा बघितलानी त्यांनी. सुर्व्याचा निबंध होता म्हणाले, जत्रेवरचा.”

मी शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्तीला सहा महिने उरले होते. आमच्या संगणकाच्या बाई, दर्शना, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनीच त्या वर्षी मला वर्गाचा ब्लॉग काढून दिला होता. रोज एका मुलाचा निबंध मी त्यावर घालायची. अर्ध्या मुलांचे वडील कुवेत-दुबईला, नाहीतर बोटीवर. त्यामुळे आमचं ते पान रत्नागिरीपेक्षा तिकडेच जास्त वाचलं जाई. लायबाचे वडील हाशिम कुवेतच्या बंदरावर कामाला होते. शुक्रवारी सुट्टी असली की संगणकाच्या दुकानात जाऊन ते आमचा ब्लॉग उघडत.

निबंधाचा विषय होता ‘दहावीनंतर मी’. लायबाच्या दादीने परीक्षा झाल्यावर केळशीच्या एका घरी तिचं लग्न ठरवायचं मनात घेतलं होतं. हाशिमनी येत्या शुक्रवारी फोनवर होकार द्यायचा होता. त्यांच्या घरचा फोन दादीच्या पलंगाशेजारी. लायबाला काही बोलायचं तर ते सगळं घर ऐकणार. म्हणून पुढे शिकायचं मनात होतं ते तिने निबंधात लिहिलं, मला दिलं, आणि माझं टाइप करून झाल्यावर कागद मागून घेऊन फाडून टाकला.

दर्शनाबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पडद्याकडे बघतच राहिल्या.

“बाई, अहो, इथे एकच पोस्ट आहे. बाकीचे सगळे कुठे गेले?”

“पुसले की.”

“पुसले?”

“रोज नवीन लिहायचं तर आधीचं पुसायला नको?”

तेहतीस वर्षं मी हेच करत आले होते. तास संपला की फळा स्वच्छ करून द्यायचा. पुढच्या तासाच्या शिक्षकाला आपला पसारा दिसू नये. बुधवारी घातलेला लायबाचा निबंध मी गुरुवारी नीट पुसून काढला होता आणि त्या जागी सुर्व्याची जत्रा लिहिली होती. शुक्रवारी नवीन काही घालायला जमलं नव्हतं.

दर्शनाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “इथे पुसायचं नसतं हो. ‘नवीन पोस्ट’ दाबायचं. जुनं आपोआप खाली सरकतं. कोणी महिन्याने आलं तरी त्याला सापडतं. आणि आधी वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायचं, मग इथे आणायचं. तुम्ही थेट इथेच लिहिलंत ना?”

“मग आता परत नाही यायचं?” मी विचारलं.

“नाही.”

लायबा म्हणाली, “जाऊ दे बाई.” ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“पुन्हा लिही की गो. अजून आठवडा आहे.”

“नाय जमायचं. तेव्हा एका दमात लिहिलेलं.”

मी एका बोटाने टाइप करायची. तिचा दीड पानी निबंध उतरवायला मला दोन तास लागले होते. एकेक अक्षर शोधून दाबलेलं. मी डोळे मिटले तर पहिलं वाक्य समोर आलं. मग दुसरं.

“दर्शनाबाई, तुम्ही टाइप करा. मी सांगते. लायबा, चुकलं तर थांबव.”

भारनियमन होतं, अकराला लाईट जायची. दर्शनाबाईंची बोटं भराभर चालत होती. तिसऱ्या परिच्छेदाशी लायबाने हात वर केला, वर्गात करावा तसा.

“बाई, इथे एक वाक्य होतं.”

मला माहीत होतं. ‘दादी माझं सगळं करते, पण मला काही विचारत नाही.’ घरातलं बाहेर कशाला, म्हणून मी ते बुधवारी तिला न सांगता गाळलं होतं.

“ते मी काढलं होतं,” मी म्हणाले.

दर्शनाबाईंचे हात थांबले. लायबा म्हणाली, “तेच सांगायचं होतं अब्बांना.”

“घाला ते,” मी दर्शनाबाईंना म्हटलं.

“घालते. पण खाली हिचं नाव नको. मुलांची पुरी नावं तर कधीच घालू नका, बाई. हे कोणीही वाचतं. उद्या केळशीचे वाचतील.”

“मग हिच्या अब्बांना कळणार कसं कोणाचं ते?”

लायबा म्हणाली, “नाव नको. अब्बा ओळखतील.”

पुढच्या शनिवारी आम्ही तिघींनी ब्लॉग उघडला. निबंधाखाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. दर्शनाबाईंनी मोठ्याने वाचलं. ‘वाचलं. ओळखलं. शिकायचं तेवढं शिक. घरी मी बोलतो.’

लायबाने ते एकदा स्वतः वाचलं आणि प्रार्थनेची घंटा झाली म्हणून पळाली.

दादी मला पुढे बाजारात दिसली की तोंड फिरवून जाई. ती २०१२ साली गेली, माझ्याशी न बोलताच. लायबाची आई रझिया मात्र दर ईदला शीरखुर्मा पाठवते, डब्यावर झाकण घट्ट बांधून. दर्शनाबाई लग्न करून नाशिकला गेल्या, तिथल्या शाळेत आहेत. मी निवृत्त झाल्यावर ब्लॉगवर कोणी लिहिलं नाही. लायबा बी.एस्सी. झाली, लांज्याला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सव्विसाव्या वर्षी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं. नवरा बोटीवर असतो, म्हणून ती बरीचशी माहेरीच राहते.

हाशिम २०१५ साली कायमचे परत आले. लेकीचं सगळं लहानपण त्यांनी फोनवर ऐकलेलं. आता रोज सकाळी ते तिला स्कूटरवरून एसटी स्टँडवर आणतात. ती आत जाऊन जागा धरते, मग ते खिडकीतून तिचा डबा वर देतात. गाडी सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी आणखी थोडा वेळ तिथेच उभे असतात. मी भाजी घेऊन त्याच बाजूने जाते. हाक मारत नाही.