ओरिनचं नाव कोण घेणार

वर्ना क्लिंगमनला तांब्याचा वास सहन होत नसे. लग्न झालं तेव्हापासून नवऱ्याच्या बोटांना तो वास होता, आणि नवरा जाऊन पाच वर्षं झाली तरी त्याच्या खोलीतल्या लाकडी कपाटातून तो जात नव्हता. शनिवारी दुपारी मॅन्सफील्डच्या मोटेलमधल्या हॉलमध्ये ती शिरली, तेव्हा तोच वास तिथल्या म्हाताऱ्यांच्या कोटांमधून तिच्या अंगावर आला. आल्या पावली परत फिरावं असं तिला वाटलं. पण पर्समध्ये नवऱ्याच्या संग्रहातलं शेवटचं नाणं होतं, एक अमेरिकन सेंट, आणि तो विकल्याशिवाय या माणसांपासून सुटका नव्हती.

सेंट १७९४ सालचा, तांब्याचा, आपल्या जुन्या ढब्बू पैशासारखा जाडजूड. त्यावरच्या बाईचे केस मागे मोकळे सुटलेले आणि खांद्यामागे काठीवर टोपी. असले सेंट जमवणाऱ्यांचं हे मंडळ. वर्षातून एकदा ओहायोत कुठेतरी जमायचं, एकमेकांची नाणी टॉवेलवर ठेवून भिंगातून बघायची, मऊ ब्रशनं कुरवाळायची, आणि कुणाचं जास्त चांगलं यावरून संध्याकाळपर्यंत भांडायचं. बायका मागच्या टेबलावर. त्यांनी विणायचं, नातवंडांचे फोटो दाखवायचे आणि नवऱ्यांना नावं ठेवायची. वर्नानं त्या टेबलावर इतके स्वेटर विणले होते की अख्ख्या मंडळाचा हिवाळा निघाला असता.

मंडळाची एक रीत मात्र तिला आवडायची, तोंडानं कधी कबूल केलं नाही तरी. नाणं विकायला उभं राहील त्यानं आधी त्याच्या जुन्या मालकांची नावं सांगायची, सगळ्यात जुन्यापासून स्वतःपर्यंत. मग बोली. आणि घेणाऱ्यानं नाणं खिशात घालण्याआधी तीच नावं पुन्हा म्हणून शेवटी आपलं जोडायचं. नावं चालू असताना कुणी कॉफीसुद्धा ओतायची नाही. नाण्याला मालक नसतो, राखणदार असतात, असं हे लोक म्हणतात. ऐकायला छान वाटतं. एरवी हेच राखणदार एका ओरखड्यावरून एकमेकांशी वर्षभर बोलत नाहीत.

वर्नाचा नवरा ओरिन क्लिंगमन हा राखणदारांमधला चोर निघाला.

एव्हरेट स्टुकी त्याचा जिवाभावाचा दोस्त. ओरिन त्याच्याकडे जेवायला जायचा, आणि जेवण झालं की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरून नाणी बघत बसायचे. एव्हरेटच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. त्याच दिवसांत ओरिननं त्याचे तीन चांगले सेंट उचलले आणि त्या जागी त्याच जातीचे स्वतःचे झिजके ठेवले. पुढे ऑपरेशन झालं, तर एव्हरेटला आपलीच नाणी म्हातारी दिसायला लागली. बिचाऱ्याला वाटलं, डॉक्टरनं डोळा बिघडवला. खरं काय ते ओरिन मेल्यावर बाहेर आलं. विकण्यासाठी म्हणून कपाट उघडलं, आणि मंडळाचा चिटणीस लायमन एका नाण्यापाशी थांबला. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि वर्नाला खुर्चीवर बसायला सांगितलं. मंडळातलं प्रत्येक चांगलं नाणं तो चेहऱ्यानं ओळखायचा.

ती तीन नाणी घेऊन वर्ना स्वतः एव्हरेटच्या दारात गेली. त्यानं ती घेतली आणि दार लावून टाकलं. त्यानंतर कपाटातल्या एकेका नाण्यासाठी ती गावोगाव फिरली. हे तुमचं तर नाही ना? हे त्यानं तुमच्याकडून कसं घेतलं? बाकीची सगळी सरळ निघाली, पण विचारायला तर लागलंच. चोरी नवऱ्यानं केली, वणवण बायकोची झाली. मग लायमननं ती एकेक करून विकून दिली. नावांच्या ओळीत ओरिनची जागा आली की तो म्हणायचा, ‘ओहायोतले एक संग्राहक.’ सगळे समजायचे.

हा सेंट तिनं शेवटी ठेवला, कारण तो ओरिनचा लाडका होता. रोज सकाळी दाढी करताना तो त्याच्या मालकांची नावं पुटपुटायचा. ऐकून ऐकून ती माणसं वर्नाला सासरच्या गोतावळ्यासारखी झाली होती. भेटली कधीच नाहीत, पण सकाळ त्यांच्याशिवाय उजाडलीही नाही.

जेवणात कोंबडी, कुस्करलेला बटाटा आणि शिजून शिजून जीव गेलेल्या शेंगा होत्या. लायमन आणि त्याची बायको डॉट वर्नाच्या दोन्ही बाजूंना बसले.

“वर्ना, एक बोलू?” लायमन म्हणाला. “राग मानू नकोस.”

“राग मानायला अंगात त्राण लागतं, लायमन. बोल.”

“आज नावं तू सांगणार. तर ओरिनच्या जागी आपलं ते... नेहमीचं म्हण. ओहायोतले एक संग्राहक. एव्हरेट आलाय. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. पुढेच बसलाय. उगाच जखमेवर मीठ कशाला?”

“अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय तो,” डॉट म्हणाली. “दोन मिनिटांचं काम. सांग, वीक आणि मोकळी हो. शेंगा टाक त्या. ॲपल पाय घे, तो बरा आहे.”

वर्नाला हो म्हणायचं नव्हतं. या एका सेंटवर तरी नवऱ्याचं नाव यावं, एकदा, मोठ्यानं, या सगळ्यांच्या देखत, एवढंच तिला हवं होतं. हा त्यानं चोरलेला नव्हता. पण चोराच्या बायकोनं असलं काही मागायचं म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर. मनात आलं त्याचीच तिला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर ती फार दमली होती. भांडायचं म्हटलं की आधी कुठेतरी आडवं व्हावंसं वाटायचं.

“बरं,” ती म्हणाली आणि पायचा तुकडा ताटात घेतला.

तिचा नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. पुढच्या टेबलावरच्या टॉवेलवर तिनं सेंट ठेवला. पहिल्या रांगेत एव्हरेट बसला होता. हडकलेला, दोन्ही कानांत यंत्रं, समोर चाकाचा वॉकर. तिनं त्याच्याकडे न बघता सुरुवात केली.

“ऑगस्ट हाफनर, फिलाडेल्फियाचा. बिअर गाळायचा. डॉक्टर पिंकहॅम, बॉस्टनचे. त्यांनी हा एका पेशंटकडून फीच्या बदल्यात घेतला. सायलस रेबर, रेडिंगचा, रेल्वेत कारकून. तो हा घड्याळाच्या खिशात ठेवायचा, म्हणून ही एक कड गुळगुळीत झालीय. मिस ॲडा थ्रॉल, व्हरमाँटच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या.” तिनं श्वास घेतला. “ओहायोतले एक संग्राहक. आणि मी, वर्ना क्लिंगमन.”

आडनाव तर तेच. मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं, तसे सगळे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. लायमननं बोली सुरू करायला तोंड उघडलं.

“कोण?” एव्हरेट म्हणाला.

लायमन त्याच्या कानाशी वाकून ओरडला, “ओहायोतले एक संग्राहक, एव्हरेट!”

“ओरडू नकोस. बहिरा आहे, बावळट नाही. कोण ते विचारतोय. ओहायोत मीही राहतो. मी आहे का तो?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

“जाऊ दे ना रे,” लायमन म्हणाला. “सगळ्यांना माहीत आहे.”

“तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आपण दोघं मसणात गेल्यावर कुणाला माहीत असणार? मिस थ्रॉलनं हा सेंट वाऱ्यावर सोडला, असं समजायचं का लोकांनी?” मग तो वर्नाकडे वळला. “तुला नाव ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे.”

“मग?”

त्या ‘मग’नं वर्नाचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत ती कुणावर चिडली नव्हती. चिडायचा हक्क आपल्याला नाही, असं तिनं धरून टाकलं होतं.

“मग काय, एव्हरेट? तुझ्यासमोर घेऊ त्याचं नाव? तुझ्या दारात आले होते ना मी? तोंडावर दार लावलंस माझ्या!”

“लावलं. आजही लावीन.” वॉकरला धरून तो उठून उभा राहिला. उठायला त्याला वेळ लागला, पण मदत करायला कुणी धजावलं नाही. “पण ऐक. मिस थ्रॉलकडे व्हरमाँटला गेलो, तेव्हा गाडी मी चालवत होतो. हा सेंट मला पाहिजे होता. तुझ्या नवऱ्यापेक्षा मी जास्त देत होतो त्या बाईला. आणि हा पठ्ठ्या काय करतो? तिच्यासमोर मांडी ठोकून बसतो. पिंकहॅम कसा होता, रेबर कसा होता, विचार विचार विचारतो. दुपार गेली सगळी. शेवटी ती म्हणाली, हा मुलगा त्यांना विसरायचा नाही, ह्यालाच देते. ओरिननं मासे धरायला जायची बोट विकली आपली, ह्याच्यासाठी. परत येताना अख्ख्या वाटेत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.”

त्यानं वॉकरवरचा एक हात सोडून टॉवेलवरच्या सेंटकडे बोट केलं.

“या सेंटवर त्याचं नाव त्या बाईनं ठेवलंय,” एव्हरेट म्हणाला. “ते पुसणारे आपण कोण?”

“एव्हरेट,” लायमन हळूच म्हणाला, “आम्हाला वाटलं, तुलाच त्रास होईल...”

“होतोच त्रास. माझे ते तीन आहेत ना, त्यांची नावं मी कशी सांगतो, माहितेय? स्टुकी, क्लिंगमन, पुन्हा स्टुकी. असं सांगतो. गोड वाटतं म्हणून नाही. दर वेळी तोंड कडू होतं. पण नाणी त्याच्याकडे होती. कशी गेली ते गेली, पण होती. झालेलं गाळता येत नाही. चोरलेल्यांवर त्याचं नाव मी ठेवतो, आणि सरळ घेतलेल्यावरून तुम्ही काढता. ही कुठली तऱ्हा?”

एवढं बोलून तो धपकन बसला. त्याला धाप लागली होती.

वर्ना पुन्हा सेंटकडे वळली. नाव मध्येच घुसडता येत नाही, ओळ पुन्हा पहिल्यापासून घ्यायची, अशीही रीत आहे. तिनं पहिल्यापासून घेतली. हाफनर. पिंकहॅम. रेबर. मिस थ्रॉल.

“ओरिन क्लिंगमन,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. “ॲशलंडचा. दुधाच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्यानं आपल्या दोस्ताचे तीन सेंट चोरले. हा चोरला नाही. हा त्यानं पूर्ण किंमत मोजून घेतला, आणि आधीच्या सगळ्यांना रोज आठवलं. आणि मी, वर्ना. त्याची बायको.”

बोली झाली. इंडियानाच्या एका दंतवैद्यानं सेंट घेतला. एव्हरेटनं बोट वर केलं नाही. दंतवैद्य नावं म्हणू लागला आणि मिस थ्रॉलच्या पुढे अडखळला. एव्हरेटकडे बघावं की वर्नाकडे, हे त्याला कळेना. एव्हरेट आपल्या बुटांकडे बघत होता.

“ओरिन क्लिंगमन, ॲशलंडचा,” दंतवैद्य म्हणाला. “वर्ना क्लिंगमन, त्याची बायको.” मग त्यानं आपलं नाव जोडलं आणि सेंट उचलला.

बाहेर गाड्यांपाशी एव्हरेट वॉकरची घडी घालायला झटत होता. वर्नाची गाडी नेमकी त्याच्या शेजारी लागली होती. तिनं न विचारता वॉकर त्याच्या हातातून घेतला, मिटला आणि मागच्या सीटवर टाकला.

“तू बोली लावली नाहीस,” ती म्हणाली.

“नको मला तो. डोळ्यांसमोर असता तर घास उतरला नसता.”

“एव्हरेट, आज तू...”

“आभार-बिभार मानू नकोस,” तो म्हणाला. “मी त्याला माफ केलेलं नाही.”

“मीही नाही,” वर्ना म्हणाली.

तेव्हा कुठे त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली आणि कुंथत गाडीत बसला.

वर्ना आपल्या गाडीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती. आधी धावपळ होती, आणि मग लाज इतकी मोठी झाली की तिच्यापुढे दुःखाला तोंड काढायला जागा उरली नाही. चोरासाठी रडायचं तरी कसं, कुणासमोर? आता ते सगळं एकदम वर आलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती हमसून हमसून रडली, ओरिनसाठी, त्याच्या त्या नालायक बोटांसाठी आणि आपल्या वाया गेलेल्या वर्षांसाठी.

हॉलमधली माणसं एकेक करून बाहेर आली आणि आपापल्या गाड्या काढून निघून गेली. शेजारच्या गाडीत एव्हरेट समोर बघत बसला होता. वर्नाचं रडणं थांबेपर्यंत त्यानं गाडी सुरू केली नाही.