शेवट सांगायचा नाही म्हणे!

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे, आणि मित्रांनो, मला भयंकर राग आला आहे. तुमच्यावर नाही. पण ऐकायला दुसरं कुणी थांबत नाही, म्हणून तुम्हालाच ऐकावं लागेल.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. आणीबाणी उठली ते साल. चित्रकाराने मला न वाचताच मुखपृष्ठ रंगवलं. काळीकुट्ट माडी, वर वटवाघळं, जिन्यात हिरव्या लुगड्यातली बाई आणि तिच्या हातात दुधाचा पेला. डोळे तर असे काढले की पोरंसोरं मला पालथी ठेवायची. आणि पाठीवर ठळक अक्षरांत एक ओळ छापली, 'वाचकहो, शेवट कुणालाही सांगू नका!'

याच ओळीवर माझा राग आहे. म्हणून सगळ्यात आधी शेवटच सांगून टाकते. माझ्या गोष्टीत एका श्रीमंत घरात नवी आई येते. सावत्र मुलगी दिवसेंदिवस वाळत जाते. नवी आई रोज संध्याकाळी तिच्यासाठी दूध घेऊन जिना चढते आणि वाचणाऱ्याला वाटतं, विष घालणारी हीच. पण विष घालत असतो इस्टेटीवर टपलेला मामा. नव्या आईच्या ते लक्षात येतं, तेव्हापासून ती त्याचा पेला गुपचूप ओतून टाकते आणि दुसरं दूध वर नेते. तिच्यामुळेच पोर जगते. झालं! सांगितला शेवट. कुठे आभाळ कोसळलं?

आगाशीच्या बाजारात हिरामणभाऊंची लहानशी लायब्ररी होती. त्यांनी मला खाकी कव्हर घातलं, पाठ दोऱ्याने शिवली, आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. दुपारची जेवणं आटोपली की वाडीवाडीत माझाच अंमल! बायका पाठ भिंतीला लावून वाचायच्या, मागून कुणी यायला नको म्हणून. चुलीवरचं दूध उतू जायचं. मला फार गोड वाटायचं ते, खोटं कशाला बोलू?

लोकांना वाटतं, मी आवडायचे ती माडीमुळे, वटवाघळांमुळे. छे! त्यांना आवडायचा संशय. गोड बोलणाऱ्या बाईवर घरबसल्या संशय घ्यायचा, त्यात ना भांडण ना पाप. लिमलेटच्या गोळीसारखा तो चघळत बसायचा. दोनशे पानं तो चघळला की शेवटची बारा पानं बेचव लागायची. एका वाचकाने तर शेवटी पेन्सिलने लिहून ठेवलं आहे, 'शेवट पटत नाही.' मेल्या, तुला पटायला काय झालं होतं?

तर अशी मी एकदा सुभद्राकाकूंच्या घरी गेले. काकू ओट्यावर बसून मला मोठ्याने वाचायच्या. भोवती बायका मोगऱ्याच्या कळ्या ओवत ऐकायच्या. पायरीवर शेजारच्या दिवाकरची मुलगी चंद्रकांता बसायची. चौथीतली पोर, सगळे तिला चंदा म्हणत. तिची आई काविळीने गेली होती, आणि नुकतीच तिच्या घरात केळव्याहून नवी आई आली होती. नर्मदा तिचं नाव. हे ओट्यावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी दुधाचा पेला आला की काकू मुद्दाम आवाज खाली आणायच्या आणि चंदाकडे बघायच्या. बायका खुदखुदायच्या. मला तेव्हाच मिटून घ्यावंसं वाटलं, पण पुस्तकाला कुठे हात असतात?

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी चंदाला घरून हाक आली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काकू, पुढे काय झालं? कोण विष घालतं?"

काकूंनी माझी पाठ तिच्यासमोर धरली. "हे वाच. शेवट सांगायचा नाही, असं लिहिलंय ना गो!"

त्या दिवसापासून चंदाने नर्मदेच्या हातचं दूध केळीच्या बुंध्याशी ओतायला सुरुवात केली. नर्मदेने पिकली केळी सोलून हौसेने वाळवलेली सुकेळीसुद्धा तोंडात घेईना. पोर वाळली. आणि ओट्यावरच्या बायका काय म्हणाल्या ठाऊक आहे? "बघा, सुकली की नाही पोर? आम्ही म्हणतच होतो!" अरे, तुमच्या जिभांना काही हाड?

मग चंदाला हिवताप आला. दिवाकर पहाटेच फुलांच्या करंड्या घेऊन दादरला जायचा, म्हणजे गोळ्या द्यायच्या नर्मदेनेच. चंदा गोळी गालात धरायची आणि पाठ वळली की थुंकायची. डॉक्टर चिडले. "गोळ्या पोटात गेल्या नाहीत तर पोर हातची जाईल," म्हणाले. दिवाकरने बायकोला विचारलं, "तू नक्की तिला काय देतेस?" नवऱ्याच्या तोंडून हे ऐकलं आणि नर्मदा गोळ्यांची पुडी घेऊन पोरीच्या उशाशी जाऊन बसली.

तापाच्या ग्लानीत चंदाच बोलून गेली, "पुस्तकातली पण अशीच गोड बोलते, आणि दुधातून विष घालते."

"कुठल्या पुस्तकातली?"

"काकूंच्या."

नर्मदा तशीच उठली आणि भर दुपारी ओट्यावर आली. माझ्या अंगावर काटा आला.

"काकू, पुस्तकातली ती बाई विष घालते?"

"नाही गो, मामा घालतो."

"मग पोरीला का नाही सांगितलंत?"

"शेवट सांगितला तर मजा जाते," काकू म्हणाल्या.

"कुणाची?"

नर्मदेने मला उचललं आणि घरी नेलं. चंदाच्या उशाशी बसून ती शेवटचं प्रकरण वाचू लागली. चंदाने तोंड फिरवलं. "तू खोटं वाचतेस."

बरोबरच होतं तिचं. जिच्यावर संशय, तिनेच स्वतःची सुटका वाचून दाखवली तर कोण विश्वास ठेवेल? नर्मदा थांबली. मग तिने मला चंदाच्या हातात दिलं. "तूच वाच. मी बाहेर बसते."

चंदा एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेली. ते बोट तव्यासारखं तापलेलं होतं. मध्येच डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. किती जणांनी वाचलंय मला, पण जीव मुठीत धरून तिनेच वाचलं. वाचून झाल्यावर तिने हाक मारली. "तिने आधीच कुणाला सांगितलं का नाही, मामा घालतो म्हणून?"

नर्मदा दारात उभी होती. "कुणी विचारलंच नसेल तिला."

चंदाने हात पुढे केला. नर्मदेने त्यावर गोळी ठेवली. पोरीने ती गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

चंदा बरी झाली. आता तरी लोकांनी शहाणं व्हावं? नाव नको! मी लायब्ररीत परतले तर माझ्यासाठी रांग. "तीच ना ही, त्या आगाशीच्या सावत्र आईची?" थेट फुलपाड्याहून लोक यायचे आणि आधी दुधाचं पान उघडून बघायचे. शेवटची पानं आजही माझी सगळ्यात कोरी आहेत.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला खुशाल वाचा, हवं तेवढं घाबरा, त्यासाठीच तर मी आहे. पण जवळ एखादी चंदा बसून ऐकत असेल, तर शेवट सांगितल्याशिवाय तिला घरी पाठवू नका.