वामनरावांच्या गाडीतला लाकडी नॉब

मित्रांनो, गिअर टाकताना चालकाचा डावा हात ज्यावर असतो, तो गोल लाकडी नॉब मी. गाडीसोबत आलेला नव्हे, नंतर बाजारातून आणून बसवलेला. आता जुना झालो आहे. अंगावरचे पॉलिशही उडाले आहे.

शिसवी लाकडाच्या तुकड्यातून मला लेथवर घडवले. नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. तरुण मुले मला हातात घेत, "लय मोठा आहे बे," म्हणत आणि परत ठेवत. एक दिवस गुंजन आली. तिला मोठाच हवा होता. तिच्या वडिलांना, वामनरावांना, लकवा येऊन गेला होता. पाय सावरले, पण डाव्या हाताची बोटे नीट वळत नव्हती. गाडीचा मूळचा बारीक नॉब त्यांच्या मुठीतून निसटे.

वामनरावांना कळमेश्वरला जायचे होते. त्यांची थोरली बहीण भागीरथाताई तिथे अंथरुणाला खिळली होती. शेजारचे नत्थूभाऊ कितीदा म्हणाले, "चला न गा वामनभाऊ, मी नेऊन देतो." पण वामनराव ऐकत नसत. "ताईकडे मी आजवर कोणाच्या भरवशावर गेलो नाही. माह्या हातानं जाईन."

गुंजनने जुना नॉब फिरवून काढला आणि मला बसवले. बापलेक वस्तीबाहेर, प्लॉट पाडलेल्या पण अजून रिकाम्या लेआउटमध्ये गेले. वामनरावांचा गार तळवा माझ्यावर आला. पहिला गिअर पडला. दुसराही पडला.

"जमून राहिलं वं, गुंजन!"

माझा आनंद काय सांगू! तिसऱ्यासाठी त्यांनी मला पुढे रेटले आणि बोटे एकाएकी आखडली. सुटेचनात. ते खाली हाताकडे पाहू लागले. समोरून सायकलवर एक मुलगी येत होती.

"बाबा, ब्रेक!" गुंजनने ओरडतच हँडब्रेक ओढला. गाडी हिसका देऊन बंद पडली. मुलगी वाचली, तिची सायकल मात्र नालीत गेली.

गुंजनने वडिलांची बोटे एकेक करून माझ्यावरून सोडवली.

"काहून आणलं वं तू हे?" ते एवढेच म्हणाले.

गुंजनला गाडी येत नव्हती. तिने फोन करून नत्थूभाऊंना बोलावले. गाडी सुरू करताना नत्थूभाऊ म्हणाले, "बसलेच आहा तं असेच कळमेश्वरले जाऊन येऊ?"

वामनराव खिडकीबाहेर पाहत राहिले. "हात सुधरू दे मंग."

हात सुधारला नाही. थंडी सरायच्या आत भागीरथाताई गेल्या. त्या दिवशी वामनराव नत्थूभाऊंच्या शेजारी बसून कळमेश्वरला गेले. परतल्यावर घरात न जाता चालकाच्या जागी येऊन बसले. माझ्यावर हात ठेवला.

"तिथले लोक सांगत होते, ताई रोज विचारे, वामन आला का."

घराच्या दाराशी उभी असलेली गुंजन येऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली.

तेव्हापासून गाडी उभीच आहे. मित्रांनो, माझ्यावर धूळ चढली, चढू द्या. पण कुणी तुमची वाट पाहत असेल, तर ज्या गाडीत जागा मिळेल तिच्यात बसा आणि निघा.