तळाशी ठेवलेली वही

कथुरेला लेखी परीक्षेत चौतीस आणि प्रात्यक्षिकात नव्वद. मेरू गावातल्या शाळेत शेती शिकवणाऱ्या मुरिउंगी मास्तरांनी, म्हणजे पोरांच्या 'म्वालिमूं'नी, हे गुण आपल्या हातानं दिले होते आणि आता त्यांनाच घाम फुटला होता. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, की एवढी तफावत दिसली तर गुण पडताळायला येणाऱ्या तपासनीस बाईंना अख्ख्या वर्गाचे गुण फुगवलेले वाटतील. नव्वदाचे साठ करून मोकळे व्हा. पण साठ केले की पोरीची कृषी विद्यालयातली जागा गेलीच. मास्तरांनी खाडाखोड केली नाही.

बाई आल्या. चहा-चपाती झाल्यावर त्यांनी पोरांच्या वाफ्यांच्या रोजनोंदीच्या वह्या मागवल्या. मास्तरांच्या हुकमावरून पोरांनी त्या नव्यानं उतरवल्या होत्या: एकच शाई आणि एकही कोबी मेलेला नाही. भावंडं सांभाळणाऱ्या कथुरेला मात्र तेवढी सवड मिळाली नव्हती. तिच्या वहीवर चिखलाचे डाग, कुठे पेन, कुठे पेन्सिल. लाज वाटून मास्तरांनी ती गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली होती.

बाईंनी नेमकी तीच उपसली आणि पोरीला बोलावलं.

"अकरा रोपं मेली? कशानं?"

"खत देठाला लागलं, बाई. माझीच चूक. नंतर चार बोटं लांब टाकलं."

"पेपरात हेच विचारलं होतं. कोरं सोडलंयस."

"तिथं इंग्रजीत व्याख्या मागितली होती. मला खत टाकता येतं, व्याख्या येत नाही."

बाई वाफ्यांवर गेल्या. कथुरेच्या वाफ्यात मागाहून लावलेले कोबी जरा लहान होते; मोजले तर बरोबर अकरा.

"मेलेल्या रोपांच्या जागी भरलेल्या नांग्या सगळ्यांच्याच वाफ्यात आहेत, वह्यांत मात्र नाहीत," त्या मास्तरांना म्हणाल्या. "म्वालिमू, पोरांना वही लिहायला शिकवलंत की रंगवायला?"

मास्तरांनी चूक कबूल केली. इतरांचे वहीचे गुण थोडे उतरले. कथुरेचे नव्वद राहिले.

संध्याकाळी मास्तरांनी ती मळकी वही पुन्हा उघडली. शेवटची नोंद सकाळची, वही त्यांच्या हाती देण्याआधीची होती: "मंगळवार. ढगाळ. पाणी दिलं नाही. कचेरीबाहेर कानावर आलं, मोठ्या बाईंनी म्वालिमूंना माझे गुण कमी करायला सांगितलं होतं, त्यांनी केले नाहीत. देव त्यांचं भलं करो."

मास्तरांनी पेन काढून खाली लिहिलं: "मंगळवार. ही वही मी तळाशी ठेवली. चूक माझी. पोरी, तुझा आभारी आहे."